एझ्रा कॉर्नेल : नांगर, तार आणि सनद



एझ्रा कॉर्नेलचा जन्म ११ जानेवारी १८०७ रोजी न्यूयॉर्क राज्यात, आज ब्राँक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका कुंभाराच्या घरी झाला. अकरा भावंडांत तो थोरला. वडील इलायजा मातीची भांडी घडवत, जोडीला थोडी शेती करत. १८१९ मध्ये हे कुटुंब राज्याच्या आतल्या भागात, डिरायटर गावी जाऊन राहिले. शाळा असे ती हिवाळ्यात, शेतीची कामे नसताना, आणि तीही सवड मिळाली तर. सोळा-सतरा वर्षांच्या एझ्राला आणखी एक हिवाळा शाळेत जायचे होते, पण वडिलांना घरात दोन हात कमी करणे परवडत नव्हते. तेव्हा त्याने आणि धाकट्या भावाने चार एकर जंगल तोडून, जमीन मोकळी करून मका लावण्याचे कबूल केले. ते पुरे केले आणि मगच दोघे शाळेत गेले. ही त्याची शेवटची शाळा.

या माणसाने तारायंत्राच्या पहिल्या दिवसांत एक यंत्र बांधले, तारांच्या व्यवसायात मोठी संपत्ती कमावली, न्यूयॉर्कच्या कायदेमंडळात सहा वर्षे काढली आणि तिथून एक विद्यापीठ उभे करून दाखवले. कारागीर, उद्योजक, आमदार, संस्थापक अशी चार माणसे एका आयुष्यात दिसतात. ती चार खरोखर वेगळी आहेत का? नाहीत. चौघांची रीत एकच आहे. हाती आलेली वस्तू पहिल्या भावाला विकायची नाही, तिच्यात काय दडले आहे ते पाहायचे आणि तोवर तोशीस सोसायची. या रीतीमुळे तो अनेकदा बुडता बुडता वाचला. या रीतीमुळेच त्याच्यावर अफरातफरीचे आरोपही झाले.

१८२८ च्या वसंतात तो इथाका गावी आला. खिशात फार पैसे नव्हते, अंगात सुतारकाम होते. आधी सुतार म्हणून, मग सूतगिरणीत मिस्त्री म्हणून आणि पुढे जेरेमाया बीबी याच्या पिठाच्या व प्लास्टरच्या गिरण्यांत त्याने दहा-बारा वर्षे काम केले. या गिरण्या फॉल क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाण्यावर चालत. पाणी लाकडी पन्हळीतून येई, ती पन्हळ कड्याला लटकवलेली असे आणि बर्फ व पूर दरवर्षी तिची मोडतोड करत. कॉर्नेलने पन्हळ दुरुस्त करत बसण्याऐवजी खडकात सुरुंग लावून सुमारे दोनशे फुटांचा बोगदा खणला आणि पाणी थेट गिरणीला दिले. वरच्या अंगाला त्याने बंधारा घातला. आज त्याच्या विद्यापीठाच्या आवारात जो बीबी तलाव आहे तो त्या बंधाऱ्यातून झालेला.

याच काळात, १८३१ मध्ये, त्याने मेरी ॲन वुडशी लग्न केले. ती क्वेकर नव्हती. पंथाबाहेर लग्न केले म्हणून पंथाने त्याला काढून टाकले. चुकीबद्दल खेद व्यक्त केला तर परत घेऊ, असेही कळवले. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या माणसासमोर जसे प्रायश्चित्ताचे ताट ठेवत, तसाच तो प्रकार होता. कॉर्नेलने खेद व्यक्त केला नाही. बायको निवडली यात चूक काय झाली, हे त्याला कळेना. एवढ्या एका प्रसंगाने त्याच्या मनात धर्मपंथांच्या भिंतींविषयी जी कायमची नावड बसली, ती पुढे एका सनदेच्या कलमात उतरली. तिकडे आपण येणारच आहोत.

१८३७ च्या मंदीने अमेरिकेतले व्यापार-उदीम कोसळले. बीबीने पुढे गिरण्या विकल्या आणि कॉर्नेलची नोकरी गेली. पस्तिशीतला माणूस, पदरी मुले, गावात काम नाही. त्याने एका सुधारित नांगराचे मेन आणि जॉर्जिया या दोन राज्यांतले विक्रीहक्क विकत घेतले आणि नांगर विकायला निघाला. एक राज्य देशाच्या ईशान्य टोकाला, दुसरे दक्षिणेला. प्रवासाला पैसे नसत, म्हणून कित्येक मैल तो पायी चाले. धंदा म्हणून हा उद्योग बेताचाच ठरला. पण त्या फिरतीत मेनमधल्या पोर्टलंड गावी त्याची एफ. ओ. जे. स्मिथ याच्याशी ओळख झाली. स्मिथ शेतीविषयक पत्राचा संपादक, माजी संसदसदस्य आणि तारायंत्र घडवणाऱ्या सॅम्युएल मोर्सचा भागीदार.

१८४३ च्या उन्हाळ्यात कॉर्नेल पुन्हा स्मिथच्या कचेरीत शिरला, तेव्हा स्मिथ जमिनीवर गुडघे टेकून खडूने आकृत्या काढत बसला होता. समोर कुठल्याशा नांगराचा नमुना होता. अमेरिकी संसदेने त्याच वर्षी मार्चमध्ये मोर्सला वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी प्रायोगिक तार टाकायला ३०,००० डॉलर मंजूर केले होते. अंतर सुमारे चाळीस मैल. तारा शिशाच्या नळीत घालून जमिनीत पुरायच्या, असा मोर्सचा बेत होता. चर खणण्याचा मक्ता स्मिथने घेतला होता आणि आता हिशेब जमेना. एक यंत्र चर खणील, दुसरे माती परत लोटील, अशी त्याची कल्पना. कॉर्नेलने आकृती पाहिली आणि विचारले, माती बाहेर काढायचीच कशाला?

त्याने जो नांगर केला तो असा. पुढे धारदार उभे पाते, ते जमिनीत खोल आणि अरुंद चीर पाडते. वर नळीचे रीळ बसवलेले. पात्याच्या मागून नळी सरकत चिरेच्या तळाशी उतरते आणि नांगर पुढे गेला की चीर आपोआप मिटते. खणणे, पुरणे, बुजवणे अशी तीन कामे एका फेरीत. मोर्सच्या डोळ्यांदेखत मेनमध्ये चाचणी झाली आणि कॉर्नेल कामावर रुजू झाला. शेताचा नांगर विकता विकता या माणसाने तारेचा नांगर घडवला.

ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरकडून रेल्वेमार्गाच्या कडेने काम सुरू झाले. खेचरे नांगर ओढत होती, नळी जमिनीत जात होती, वर्तमानपत्रांचे बातमीदार पाहत होते. आणि काही मैल झाल्यावर लक्षात आले की आत पुरलेली तार निकामी आहे! नळी ओतताना तप्त शिशाने तारांवरचे कापडी आवरण खराब केले होते. वीज तारेतून पुढे जाण्याऐवजी नळीत झिरपत होती. सरकारी पैशातला मोठा भाग खर्च झाला होता. काम थांबवायला हवे, पण का थांबवले हे बाहेर फुटले तर उरलेला पैसाही मिळणार नाही. मोर्सने कॉर्नेलला बाजूला घेऊन अडचण सांगितली. कॉर्नेलने नांगराची मूठ हाती घेतली, खेचरे हाकणाऱ्यांना जोरात हाका म्हणून सांगितले आणि पाते बरोबर एका खडकावर घातले. नांगर मोडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अपघाताची हळहळती बातमी आली आणि मोर्सला श्वास घ्यायला वेळ मिळाला. आपण घडवलेले यंत्र आपल्या हाताने फोडायला किती जण तयार होतील?

त्या हिवाळ्यात जे घडले ते या आयुष्यातले सर्वांत मोलाचे पान आहे. शाळा सुटलेला हा मिस्त्री वॉशिंग्टनमधल्या ग्रंथालयात जाऊन बसला आणि विजेवर मिळतील ती पुस्तके वाचून काढली. वाचून तो या निष्कर्षाला आला की तार पुरण्याचा नाद सोडावा, ती खांबांवर न्यावी. त्याबरोबर त्याने आणखी एक यंत्र केले, वाया गेलेल्या नळ्यांतून तारा ओढून काढून त्यांच्यावर नवे आवरण चढवणारे. तार खांबाला टेकते तिथे वीज गळू नये म्हणून काय करावे, यावर दोन योजना पुढे आल्या. मोर्सचा साहाय्यक आल्फ्रेड व्हेल लाखेत भिजवलेले कापड सुचवत होता, कॉर्नेल काच. मोर्सने आधी व्हेलची योजना पसंत केली. मग प्रिन्स्टनच्या जोसेफ हेन्रीचा सल्ला घेतला. हेन्री त्या काळच्या अमेरिकेत विजेचा सर्वांत मोठा जाणकार. त्याने कापडाची योजना फसेल असे सांगितले आणि काचेच्या बाजूने कौल दिला. वसंतात खांब उभे राहिले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनातून मोर्सने बायबलमधल्या एका वचनाचा संदेश बाल्टिमोरला व्हेलकडे पाठवला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दिवसाबरोबर मोर्सचे नाव येते आणि ते योग्यच आहे. पण ती तार काचेवर टेकलेली होती, हेही त्याच पानावर लिहिले जायला हवे.

सरकारने तारायंत्र विकत घेतले नाही. ते खासगी कंपन्यांच्या हाती गेले आणि पुढची दहा वर्षे म्हणजे नुसती झुंबड होती. प्रत्येक शहराला तार हवी, प्रत्येक मार्गावर दोन-दोन कंपन्या, मक्तेदार एकमेकांवर खटले भरत होते, वादळात खांब पडत होते. कॉर्नेलने न्यूयॉर्क–फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क–ऑल्बनी, पुढे बफलोपासून शिकागो, मिल्वॉकीपर्यंतचे मार्ग बांधले. मजुरीचे पैसे त्याने शक्य तिथे रोखीत न घेता शेअरांत घेतले. त्या शेअरांना तेव्हा कोणी विचारत नव्हते. इथाकात मेरी ॲन उधारीवर घर चालवत होती, घेणेकरी दाराशी येत होते, आणि नवरा पत्रांतून लिहीत होता की थोडा धीर धर. हा धीर कोणाच्या जिवावर धरला जात होता? मेरी ॲनच्या. तिला नऊ मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली, आणि घर वर्षानुवर्षे तिने एकटीने ओढले. कॉर्नेलच्या चिकाटीचे कौतुक करताना या बाईचा वाटा बाजूला ठेवता येत नाही.

१८५५-५६ मध्ये रॉचेस्टरच्या हायरम सिबलीने आपल्या कंपनीत कॉर्नेलचे मार्ग सामील करून घेतले. एकत्र झालेल्या कंपनीला वेस्टर्न युनियन हे नाव मिळाले. आता कॉर्नेलने काय केले? शेअर विकले नाहीत. तो कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक होऊन बसला आणि बसून राहिला. १८६१ मध्ये वेस्टर्न युनियनने पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेली, यादवी युद्धाने तारांची मागणी कितीतरी वाढवली आणि कालचा कर्जबाजारी श्रीमंत झाला. त्याने इथाकावरच्या टेकडीवर सुमारे तीनशे एकरांचे शेत घेतले आणि उत्तम जातीची गुरे पाळू लागला.

याच वेळी तो राजकारणात आला. रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर १८६२ व १८६३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या विधानसभेत होता, १८६४ ते १८६७ राज्याच्या सिनेटमध्ये. उंच, सडपातळ, चेहरा कोरडा, बोलणे मोजके. भाषणांनी सभागृह जिंकणारा हा माणूस नव्हता. सिनेटमध्ये शेती समिती त्याच्याकडे होती. शिक्षणाची समिती होती सिरॅक्यूसच्या ॲण्ड्र्यू डिक्सन व्हाइटकडे. व्हाइट एकतीस वर्षांचा, येलचा पदवीधर, युरोपात शिकून आलेला, इतिहासाचा प्राध्यापक. कॉर्नेलने इथाका गावासाठी एक सार्वजनिक ग्रंथालय द्यायचे ठरवले होते. त्याचे विधेयक १८६४ मध्ये व्हाइटच्या समितीपुढे गेले आणि ओळख झाली. पण पुढची भेट भांडणाची होती.

भांडण कशावरून? लिंकनने २ जुलै १८६२ रोजी मॉरिल कायद्यावर सही केली होती. शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी प्रत्येक राज्याला, त्याच्या संसदेतल्या दर प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळायची होती. न्यूयॉर्क लोकसंख्येने सर्वांत मोठे राज्य, त्याच्या वाट्याला सुमारे ९,९०,००० एकर आले. कॉर्नेलला या निधीचा अर्धा भाग ओव्हिड गावच्या शेतकी महाविद्यालयासाठी हवा होता. त्याचा तो विश्वस्त होता. व्हाइटचे म्हणणे, एक इंचही वाटणी नको. तुकडे केले की चार दुबळी महाविद्यालये होतील, एक सबळ विद्यापीठ होणार नाही. कॉर्नेल ऐकत राहिला. काही दिवसांनी तो स्वतःहून व्हाइटकडे आला आणि म्हणाला की कुटुंबाला लागेल त्यापेक्षा सुमारे पाच लाख डॉलर माझ्याजवळ जास्त आहेत, राज्याच्या भल्यासाठी त्यांचे काय करावे? पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या विरोधकाचे म्हणणे पटले म्हणून त्याच्याकडेच सल्ला मागायला जाणारे आमदार कोणत्याही काळात थोडेच असतात.

व्हाइटला विद्यापीठ सिरॅक्यूसला हवे होते. कॉर्नेल हलला नाही. तरुणपणी सिरॅक्यूसमध्ये त्याची मजुरी दोनदा बुडवली गेली होती. विद्यापीठ इथाकाच्या टेकडीवर, त्याच्या स्वतःच्या शेतात होणार. ७ फेब्रुवारी १८६५ रोजी विधेयक मांडले गेले आणि राज्यातली बहुतेक जुनी महाविद्यालये तुटून पडली. हा स्वतःचे स्मारक बांधतो आहे, जमीन लुबाडतो आहे, धर्महीन शिक्षणाचा अड्डा काढतो आहे. एका महाविद्यालयाने विरोध मागे घ्यायचा तर कॉर्नेलने त्या महाविद्यालयाला २५,००० डॉलर द्यावेत, अशी अट विधेयकात घालण्यात आली. दान देणाऱ्याकडून दान स्वीकारण्याचा दंड! त्याने तोही भरला. व्हाइटने पुढे लिहून ठेवले आहे की सभागृहात शिव्याशाप चालले असता कॉर्नेल शांतपणे शेजारी बसून होता. एकदा एवढेच म्हणाला की ज्यांनी माझ्या क्वेकर पूर्वजांना फाशी दिली, त्या मॅसॅच्युसेट्सवाल्यांच्या हार्वर्डलाच हे पैसे द्यावेत की काय. २७ एप्रिल १८६५ रोजी राज्यपाल रूबेन फेंटनने सही केली आणि ते विधेयक विद्यापीठाची सनद झाले.

त्या सनदेत एक कलम आहे. कोणत्याही धर्मपंथाचा किंवा कोणताच पंथ नसलेला माणूस विद्यापीठातल्या कोणत्याही जागेला सारखाच पात्र राहील. अमेरिकेतली बहुतेक महाविद्यालये त्या वेळी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या छायेत होती. लग्नासाठी पंथाबाहेर घातलेल्या तरुणाने चौतीस वर्षांनी दिलेले हे उत्तर होते.

आता जमिनीचे प्रकरण. हे समजल्याशिवाय कॉर्नेल समजत नाही. न्यूयॉर्क राज्यात वाटायला केंद्र सरकारची जमीन उरली नव्हती, म्हणून राज्याला कागदी दाखले मिळाले. ते दाखवून पश्चिमेकडे कुठेही सरकारी जमीन निवडायची. पण एका राज्याला दुसऱ्या राज्यात अशी जमीन धारण करायला कायद्याने बंदी. मग राज्यांनी काय केले? दाखले बाजारात विकले. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर भाव एकरी पन्नास-साठ सेंटपर्यंत घसरले. सव्वा डॉलरची जमीन निम्म्या भावाने दलालांच्या घशात जाऊ लागली. कॉर्नेलने राज्याला सांगितले की दाखले मला विका, मी खासगी माणूस आहे, मला जमीन घेता येते. मी ती निवडीन, सांभाळीन, कर भरीन आणि भाव आला की विकून सगळा नफा विद्यापीठाला देईन. स्वतःला एक डॉलरही नाही. त्याने विस्कॉन्सिनमध्ये मुख्यतः पाइनच्या जंगलाची सुमारे पाच लाख एकर जमीन निवडली. हीच ती शेअरांची रीत, आता सार्वजनिक पैशावर लावलेली.

त्या जमिनीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती पाइनची जंगले ओजिब्वे लोकांची होती. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी ती अमेरिकी सरकारने अत्यल्प मोबदल्यात घेतली होती. कॉर्नेलच्या काळातले कोणी याचा विचार करताना दिसत नाही, तोही नाही. पंथांच्या भिंती ज्याला दिसल्या त्याला ही भिंत दिसली नाही. त्याच्या कामाचा मोठेपणा मान्य करूनही हे न्यून त्याच्या खात्यावर राहतेच.

७ ऑक्टोबर १८६८ रोजी विद्यापीठ उघडले. कॉर्नेल आजारी होता, त्याला धरून व्यासपीठावर न्यावे लागले. ४१२ विद्यार्थी आले. इतका मोठा पहिला वर्ग त्या वेळेपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्या महाविद्यालयाने पाहिला नव्हता. कोणालाही कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळावे, ही त्याची इच्छा विद्यापीठाचे बोधवाक्य झाली. ग्रीक-लॅटिनच्या शेजारी शेती, यंत्रविद्या, पशुवैद्यक सारख्या मानाने बसले. सगळे बेत मात्र साधले नाहीत. गरीब मुलांनी विद्यापीठाच्या आवारात काम करून शिक्षणाचा खर्च काढावा, अशी त्याची योजना होती. वर्तमानपत्रातून त्याने तसे जाहीरही केले. मुले आली, पण दिवसभर राबून रात्री अभ्यास होत नाही हे लवकरच दिसले. स्वतः तो जसा शिकला तसे सगळे शिकतील, हा त्याचा हिशेब चुकला होता.

मुलींच्या बाबतीत तो काळाच्या पुढे होता. विद्यापीठ उघडण्याच्या आदल्या वर्षी नातीला लिहिलेल्या पत्रात त्याने मुलींनाही मुलांच्या बरोबरीने इथे शिकवायचे असे सांगितले होते. १८७० मध्ये पहिली विद्यार्थिनी आली, पण मुलींना राहायला जागा नव्हती. लाकडाचा व्यापारी हेन्री सेज याने अडीच लाख डॉलर दिले आणि १५ मे १८७३ रोजी मुलींच्या वसतिगृहाची कोनशिला बसली. कॉर्नेलने कोनशिलेत एक बंद पत्र ठेवले. हा प्रयोग फसलाच तर तो का फसला हे या पत्रात सापडेल, असे सांगितले. १९९७ मध्ये ते पत्र उघडले गेले. मुलींविषयी शंकेचा शब्द त्यात नव्हता. शिक्षणाला आणि स्वातंत्र्याला धोका असेल तर तो पंथापंथांतल्या भांडणांचा, एवढेच त्याने लिहिले होते. या विद्यापीठात पुढे जगभरातून विद्यार्थी आले. आपल्या मुंबईचे रतन टाटा तिथेच वास्तुशास्त्र शिकले आणि टाटांच्या न्यासाने २००८ मध्ये विद्यापीठाला ५ कोटी डॉलरची देणगी दिली.

शेवटची वर्षे कठीण गेली. इथाकाला रेल्वेने जोडण्याच्या हट्टात त्याने मोठी रक्कम गमावली. विस्कॉन्सिनच्या जमिनींचे कर दरवर्षी भरावे लागत आणि विक्री होत नव्हती. त्यातच १८७३ मध्ये विधानसभेत आरोप झाले की हा विद्यापीठाच्या नावाने स्वतःचे घर भरतो आहे. त्याने स्वतः चौकशीची मागणी केली. राज्यपाल जॉन डिक्सने नेमलेल्या आयोगाच्या बहुमताने त्याला निर्दोष ठरवले. १८७४ मध्ये जमिनींचा करार विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला कॉर्नेल वारला. त्याने बांधायला घेतलेले दगडी घर तेव्हा अपुरेच होते. मुलगा अलोंझो पुढे न्यूयॉर्कचा राज्यपाल झाला.

जमिनी त्याच्यानंतरही राखल्या गेल्या, आणि यात हेन्री सेजचा वाटा मोठा आहे. पाइनच्या लाकडाला भाव आल्यावर त्या हळूहळू विकल्या आणि खर्च वजा जाता सुमारे ५० लाख डॉलर विद्यापीठाच्या निधीत जमा झाले. मॉरिल कायद्याने वाटलेल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा न्यूयॉर्कला मिळाला होता. सर्व राज्यांना मिळून त्या जमिनींतून जे उत्पन्न झाले, त्याचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या या विद्यापीठाच्या पदरात पडला.